आधी पाणी, मग माणसे

पेरुजा ही मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांताची राजधानी. शहर डोंगराच्या माथ्यावर आहे आणि त्या माथ्यावरून पाच सोंडा पाच दिशांना उतरतात. तळहात पालथा ठेवून बोटे फाकवावीत, तसा या गावाचा नकाशा दिसतो. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक वेस, बोटांच्या पाठीवरून गेलेले मुख्य रस्ते आणि दोन बोटांच्या मध्ये खोल घळ. समोरच्या सोंडेवरचे घर हाकेच्या अंतरावर दिसते, पण तिथे पोचायला आधी उतरायचे आणि मग तेवढेच चढायचे. रेल्वे स्टेशन तर डोंगराच्या पायथ्याशी आहे. सामान घेऊन तिथे उतरणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला आपले विद्यापीठ डोक्यावर, ढगांच्या बाजूला दिसते. अशा गावात राहायचे म्हणजे रोज चढायचे. दूध आणायला, तासाला बसायला, औषध घ्यायला, मित्राकडे जायला चढायचे. इतर शहरांत अंतर मोजतात, इथे उंची मोजावी लागते.

हा चढ कुणी सोसायचा, या एका प्रश्नाभोवती मला पेरुजा पाहावेसे वाटते. प्रवासवर्णनांत डोंगरी गावांचे कौतुक बहुधा दृश्यासाठी होते. दगडी कमानी, खिडक्यांतल्या कुंड्या, खाली पसरलेली तिबेर नदीची दरी. ते सारे पेरुजात आहेच. पण या गावाने केलेले खरे मोठे काम दृश्याच्या आड, जमिनीखाली आणि भिंतींच्या आत आहे. ज्याच्या त्याच्या पायांवर आणि फुप्फुसांवर सोडून दिलेला चढ या गावाने सार्वजनिक प्रश्न मानला आणि तो सोडवायला सार्वजनिक पैसा खर्च केला. नळाचे पाणी, रस्त्यावरचा दिवा, तसाच माथ्यावर पोचवणारा जिना, अशी इथली समजूत आहे. मला ती योग्य वाटते, आणि ती पटवून देण्यासाठीच हे लिहितो आहे.

या समजुतीची मुळे जुनी आहेत. गावाच्या सर्वांत मोठ्या चौकात, कॅथेड्रलसमोर, फोंताना मज्जोरे नावाचे कारंजे आहे. निकोला आणि जोव्हान्नी पिसानो या बापलेकांनी त्याचे शिल्पकाम १२७५ ते १२७८ या काळात केले. प्रवासी शिल्पे पाहतात आणि ती पाहण्याजोगीच आहेत, पण त्या कारंज्यात मुळात पाणी कसे आले हे अधिक विलक्षण आहे. ते उत्तरेकडच्या माँते पाच्चानो या डोंगरावरून आणले. तो डोंगर आणि गाव यांच्यामध्ये दरी आहे. पाणी उतारावरून दरीत न्यायचे आणि बंद नळातल्या दाबाच्या जोरावर पुन्हा गावाच्या माथ्यावर चढवायचे, हे गणित तेराव्या शतकात त्यांनी साधले. या कामात बोनिन्सेन्या नावाच्या व्हेनिसच्या जलतज्ज्ञाचा हात होता. गडकिल्ल्यांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहण्यावर भर आहे, कारण माथ्यावर पाणी नसेल तर तटबंदी कितीही भक्कम असली तरी व्यर्थ. आपल्याकडे त्यावरचा तोडगा कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी धरण्याचा होता. पेरुजाने दुसऱ्या डोंगराचे पाणी ओढून आणले आणि ते वाड्यांत न नेता आधी चौकात सोडले. चौकातले पाणी म्हणजे सगळ्यांचे पाणी. गावाच्या अभिमानाची सर्वांत देखणी वस्तू पाणवठा असावी, यात त्या काळच्या नगरसभेची वृत्ती दिसते.

त्या कारंज्याच्या खालच्या हौदावर कोरीव फलक आहेत. बारा महिन्यांची शेतीची आणि घरची कामे तिथे आहेत, आणि त्यांच्याच ओळीत व्याकरण, तर्क, गणित, संगीत, खगोल अशा विद्याही आहेत. द्राक्षे तुडवणारा माणूस आणि मुलाला शिकवणारी व्याकरणविद्या एकाच पाणवठ्यावर शेजारी आहेत. विद्यापीठाला पोपची अधिकृत मान्यता मिळाली ती यानंतर तीस वर्षांनी, १३०८ मध्ये. म्हणजे गावाने विद्येला आपल्या रोजच्या कामांत आधीच धरले होते. चौदाव्या शतकात बार्तोलो दा सास्सोफेर्रातोसारखा कायदेपंडित इथे शिकवत होता, आणि कायदा शिकायला युरोपभरातून मुले हा डोंगर चढून येत होती. पुढे १९२१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन भाषा आणि संस्कृती शिकवणारे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांतून परदेशी लोकांसाठीचे वेगळे विद्यापीठ उभे राहिले. ते आज पालात्सो गालेंगा या अठराव्या शतकातल्या प्रासादात आहे. त्याच्या समोर एट्रुस्कन लोकांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात बांधलेली वेस उभी आहे. शेतकी शाखा सान पिएत्रोच्या मठात, दुसऱ्या सोंडेच्या टोकाला. अभियांत्रिकी आणि वैद्यक गावाबाहेर. विद्यापीठ असे सगळ्या सोंडांवर आणि पायथ्यालाही विखुरलेले असल्यामुळे इथल्या विद्यार्थ्याचा दिवस एका आवारात जात नाही, तो गावभर जातो. म्हणून इथे चढण्या-उतरण्याची सोय हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

आता सरकत्या जिन्यांकडे वळू. त्यांची जागा समजून घ्यायला १५४० पर्यंत मागे जावे लागते. पोप तिसऱ्या पॉलने मिठावरचा कर वाढवला आणि पेरुजाने बंड केले. मिठाच्या करावरून उठाव म्हटला की मराठी वाचकाला १९३० आणि शिरोड्याची मिठागरे आठवतील. इथल्या उठावाचा शेवट मात्र वाईट झाला. पोपच्या फौजेने गाव जिंकले आणि गावाला धाकात ठेवण्यासाठी डोंगराच्या दक्षिण टोकावर रोक्का पाओलिना नावाचा प्रचंड किल्ला बांधला. रचना आंतोनियो दा सांगाल्लोची. बाल्योनी या सत्ताधारी घराण्याची सगळी वस्ती, तिचे रस्ते, बुरूज आणि घरे किल्ल्याच्या पोटात गाडली गेली. उंब्रियातला पाव आजही अळणी असतो, आणि गावकरी त्याचा संबंध या मिठाच्या युद्धाशी जोडतात. इतिहासकारांना तो फारसा मान्य नाही, पण किल्ल्याचा राग किती पिढ्या टिकला हे त्यावरून कळते. १८४८ मध्ये लोकांनी किल्ला पाडायला घेतला आणि १८६० मध्ये पोपची सत्ता गेल्यावर तो जवळपास पुरता उतरवला. वर सरकारी इमारत आणि बाग झाली. खाली राहिले ते गाडलेले रस्ते आणि विटांच्या उंच कमानी.

१९८३ मध्ये नगरपालिकेने याच पोकळीतून सरकते जिने नेले. खाली पियात्सा पार्तिज्यानी, जिथे बाहेरगावच्या बस थांबतात आणि जमिनीखाली मोटारींचा तळ आहे. वर पियात्सा इतालिया, म्हणजे माथ्यावरचा मोकळा चौक. या दोहोंमध्ये एकामागून एक जिने, आणि मधल्या टप्प्यावर तुम्ही सोळाव्या शतकात गाडल्या गेलेल्या गल्लीतून, घरांच्या दारांसमोरून चालता. तिकीट नाही, फाटक नाही. सकाळी दप्तर घेतलेली मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया, कार्यालयात जाणारे कारकून आणि नकाशे धरलेले पाहुणे एकाच पट्टीवर उभे राहून वर जातात. लोकांना खाली दाबून ठेवायला बांधलेल्या किल्ल्याच्या पोटातून आज लोक फुकट वर येतात, याहून नेमका वापर त्या भिंतींचा झाला नसता. पुढे विया देई प्रियोरीच्या बाजूलाही सरकते जिने झाले, पूर्वेच्या उतारावर बाजाराजवळ लिफ्ट झाल्या. याचाच परिणाम म्हणून माथ्यावरचा कोर्सो वानुची हा रस्ता पायी चालणाऱ्यांना मिळाला. पेरुजीनो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचे, पिएत्रो वानुचीचे, नाव त्याला आहे. मोटारींना माथा बंद करण्याचे धोरण १९७०च्या दशकातले. जिने त्यानंतर आले, आणि आले म्हणूनच ते धोरण टिकले असे मी मानतो. वाहन काढून घ्यायचे आणि चढ तसाच ठेवायचा, तर लोक आठ दिवसांत वाहन परत मागतात.

कोर्सोचे महत्त्व त्याच्या सपाटपणात आहे. सगळ्या गावात तेवढा एकच रस्ता जवळपास सपाट, आणि म्हणून संध्याकाळी सगळे तिथे येतात. या टोकाच्या बागेपासून त्या टोकाच्या कारंज्यापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. या फेऱ्यांना तिथले लोक पोहण्याच्या तलावाच्या लांबीचा शब्द वापरतात. कॅथेड्रलच्या पायऱ्या हा विद्यार्थ्यांचा कट्टा. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर जे घडते तेच इथे घडते, फक्त वाहनांचा आवाज वजा करून. मुद्दा असा की हा सपाट तुकडा चढ चढू शकणाऱ्यांपुरताच राहिला असता, तर संध्याकाळच्या या फेऱ्यांत तरुणच दिसले असते. तिथे काठी घेतलेली माणसेही असतात. त्यांना तिथे जिन्याने आणले आहे.

तिसरी पायरी मिनिमेत्रोची, २००८ सालची. पायथ्याला, फुटबॉलच्या मैदानाजवळ पियान दी मास्सियानो इथे मोटारी ठेवायला मोठी जागा आहे. तिथून सुमारे तीन किलोमीटरचा मार्ग रेल्वे स्टेशनावरून डोंगरात शिरतो आणि माथ्याखालच्या पिनचेत्तो स्थानकात संपतो. स्थानके सात. डबे छोटे, प्रत्येक डबा सुटा, चालक नाही. खाली सतत फिरणाऱ्या पोलादी दोराला डबा पकड घालतो, स्थानकात पकड सोडतो. आपल्या रोपवेचेच तत्त्व, फक्त डबा हवेत न लोंबता रुळावर धावतो. बांधणी लाइटनर या दक्षिण तिरोलमधल्या, बर्फावरच्या रोपवे बनवणाऱ्या कंपनीची, आणि स्थानकांची रचना ज्याँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुविशारदाची. गर्दीच्या वेळी एक डबा गेला तर मिनिट-दोन मिनिटांत दुसरा येतो, त्यामुळे वेळापत्रक पाहायची गरज उरत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या गावात हाच तिचा सर्वांत मोठा गुण. तास सुटला की निघायचे, खोली खाली स्टेशनाजवळ स्वस्तात घ्यायची आणि वर्गाला माथ्यावर जायचे, हे रोजचे गणित जुळते. बसलाही तेच तिकीट चालते. चढावर अशी सोय करणारे पेरुजा एकटे नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउन या डोंगराळ विद्यापीठगावात १९७५ पासून चालकाशिवायचे छोटे डबे विद्यार्थ्यांची ने-आण करतात. कोलंबियातल्या मेदेयीनने २०११ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीत सरकते जिने बसवले. म्हणजे ही कल्पना श्रीमंत देशाचे लाड नाही.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा. चढणे चांगले, यंत्राने माणूस आळशी होतो. जो माणूस विशीतला आहे, ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्याच्या हातात ओझे नाही, त्याच्यापुरता हा आक्षेप खरा आहे. पण पेरुजात यंत्र डोंगराचा फक्त मोठा, नीरस टप्पा उचलते, त्यापुढचे गाव पायीच करावे लागते. ग्रंथालय गावाच्या सर्वांत उंच टोकाजवळ आहे. विया आप्पियाच्या पायऱ्या उतरून विद्यापीठाच्या वस्तीकडे जायचे तर तेराव्या शतकातल्या त्याच जलवाहिनीवरून जावे लागते. एकोणिसाव्या शतकात तिचे पाणी वाहणे थांबले आणि ती पायवाट झाली. तिच्या दोन्ही अंगांना खाली घरे आहेत, काही घरांच्या दारांपर्यंत छोटे पूल गेले आहेत, आणि जिथून पाणी गावात चढत होते तिथून आता विद्यार्थी जातात. ही वाट रिकामी कधी नसते. जिन्यांमुळे गाव चालणे विसरले असते तर ती ओस पडली असती. आक्षेपाचा दुसरा, न बोलला जाणारा भाग मात्र मला गंभीर वाटतो. सरकता जिना चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी आहे. रोक्का पाओलिनाची वाट कितीही सुंदर असली तरी ज्याला पाऊल उचलता येत नाही त्याला ती बंदच आहे. लिफ्ट आणि मिनिमेत्रो नसते तर चढ सार्वजनिक केला असे म्हणण्याचा अधिकार पेरुजाला मिळाला नसता.

दुसरा आक्षेप वारशाचा. अशा जुन्या गावाच्या अंगात यंत्रे घालणे हा अत्याचार नव्हे का? जिन्यांबाबत उत्तर सोपे आहे. ते जमिनीखाली, आधीच उद्ध्वस्त झालेल्या किल्ल्यातून गेले, आणि त्यामुळे गाडली गेलेली वस्ती रोज हजारो लोकांच्या नजरेसमोर आली. माथ्यावर मोटारी उभ्या राहिल्या असत्या तर कारंज्याभोवती धूर आणि धडधड राहिली असती. मिनिमेत्रोबाबत मात्र मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. तिचा खालचा मार्ग काँक्रीटच्या खांबांवरून, लोकांच्या खिडक्यांजवळून जातो. तिच्या सततच्या घरघरीबद्दल शेजारच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या, आणि त्या रास्त होत्या. सार्वजनिक सोय ज्यांच्या खिडकीखालून जाते त्यांच्या झोपेचा हिशेब आराखड्यातच व्हायला हवा. त्याच ओघात असेही म्हटले जाते की इतके करूनही जुने गाव रिकामे होत गेले, कुटुंबे सपाटीवर गेली, माँतेलूचे सोंडेवरचे जुने इस्पितळ खालच्या नव्या संकुलात हलले. हे घडले आहे. पण त्याचे मूळ जिन्यांत शोधणे उलटे आहे. जुन्या घरांत लिफ्ट नाही, मोटार दारात येत नाही, आणि सपाटीवर दोन्ही मिळते. माथा आणि पायथा जोडणारे काहीच नसते तर कुटुंबांपाठोपाठ विद्यार्थीही खाली गेले असते, आणि वर फक्त पाहुण्यांसाठी गाव उरले असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. मिनिमेत्रोचा बांधकाम खर्च दहा कोटी युरोंच्या घरात गेला. तिकिटांतून चालवण्याचा खर्च निघत नाही, नगरपालिकेला दरवर्षी मोठी रक्कम घालावी लागते. दीडपावणेदोन लाख वस्तीच्या गावाने इतका भार घ्यावा का? रस्त्याकडून आपण नफा मागत नाही, म्हणून डब्याकडूनही मागू नये, हे उत्तर बरोबर आहे पण पुरेसे नाही. सार्वजनिक पैसा घालायचा तर सोय ज्यांना हवी त्यांना हवी तेव्हा मिळाली पाहिजे. इथे पेरुजा कमी पडते. मिनिमेत्रो रात्री नवाच्या सुमारास बंद होते. ज्या गावात ग्रंथालयातून उशिरा निघणारी, हॉटेलांत भांडी घासून शिक्षणाचा खर्च भागवणारी मुले राहतात, त्या गावात शेवटचा डबा नऊला जाणे ही उणीव आहे. रोक्का पाओलिनाचे जिने मध्यरात्रीनंतरही चालू असतात, ते या बाबतीत अधिक शहाणे. शिवाय मार्ग डोंगराच्या एकाच अंगाला आहे. अभियांत्रिकीचा आणि वैद्यकाचा विद्यार्थी आजही बसवरच अवलंबून आहे. तेव्हा माझे म्हणणे असे, की खर्च चुकला नाही, तो अर्ध्यावर थांबला. घातलेल्या पैशाचे मोल वसूल करायचे तर तास वाढवावेत आणि बाकीच्या सोंडांकडे बसची वारंवारता डब्यांइतकी आणावी.

महाराष्ट्राकडे पाहिले तर हा प्रश्न आपल्याही दारात आहे. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, म्हणजे तंत्र आपल्याला नवे नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, आणि तिथे माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढत चढावर नेण्याची पद्धत थांबवा असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. चढ सार्वजनिक यंत्रणेने उचलला नाही की तो कुणातरी गरिबाच्या खांद्यावर जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे गडाच्या आत लोक राहतात, शाळा भरतात, आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी थेट गडात चढतात. पाचगणीसारख्या शाळांच्या गावाची कोंडीही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी रुंद रस्त्याची आणि माथ्यावरच्या वाहनतळाची होते. या गावांत राहणाऱ्या आणि तिथे मुलांना शिकायला ठेवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी नगरपालिका वाहनतळाचा आराखडा मांडेल, तेव्हा तिच्याकडे आणखी एक कागद मागा. पायथ्याशी उतरलेली सत्तर वर्षांची बाई आणि रात्री दहाला कामावरून सुटलेला विद्यार्थी माथ्यावर कसे पोचतील, हे त्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.